अवकाश दुर्बिणीचा परावर्तक कार्बन फायबरचा करायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: पदव्युत्तर प्रकल्पासाठी अवकाशात, कडाक्याच्या थंडीत चालेल असा एक मीटर व्यासाचा परावर्तक (आरसा) कार्बन फायबर कंपोझिटचा, म्हणजे रेझिन या चिकट द्रव्याने बांधलेल्या कार्बनच्या धाग्यांचा, विकसित करायचा आहे. वजन दर चौरस मीटरला १० किलोच्या आत हवं. फायबर कुठला घ्यावा, रेझिन म्हणून एपॉक्सी चालेल का, त्यात कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) मिसळल्या तर पृष्ठभाग काचेइतका गुळगुळीत येईल का? आणि कंपोझिट एवढं हलकं नि ताठ असेल, तर जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा बेरिलियमचा का केला?

वजनाचा विषय आधीच संपवतो, कारण त्यात फार काही नाही. सँडविच रचना धरा, म्हणजे दोन पातळ पत्रे आणि मधे हलका गाभा. प्रत्येकी १ मिलिमीटर जाडीच्या दोन फेसशीट (बाहेरचे पत्रे), लॅमिनेटची (थरांवर थर देऊन केलेल्या पत्र्याची) घनता घनसेंटिमीटरला सुमारे १.६३ ग्रॅम, म्हणजे चौरस मीटरला ३.३ किलो. मधे ३० मिलिमीटर जाडीचा, घनमीटरला ५० किलो भरणारा हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखा षटकोनी घरांचा गाभा) घेतला तर दीड किलो. वरखालचे चिकट थर मिळून अर्धा किलो. झाले सव्वापाच. कडेची पट्टी, इन्सर्ट (आधार जोडायला आत बसवलेले तुकडे) आणि मागचे आधार धरूनही तुम्ही १० च्या आत राहता. तुलनेसाठी, हबलचा २.४ मीटरचा काचेचा आरसा आतून जाळीदार पोकळ करूनही ८२८ किलोचा आहे, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १८० किलो. वेबच्या एका षटकोनी तुकड्याचा नुसता बेरिलियम आरसा २० किलोच्या आसपास आहे आणि क्षेत्रफळ दीड चौरस मीटर, म्हणजे १३ किलो; मागची ॲक्च्युएटरची, म्हणजे आरसा सरकवून जुळवणाऱ्या मोटरांची, यंत्रणा धरली की हाच आकडा जवळपास दुप्पट होतो. शोधनिबंधात ‘इतके किलो प्रति चौरस मीटर’ असं वाचाल तेव्हा त्यात आधार, इन्सर्ट आणि ॲक्च्युएटर धरलेत की नुसतं कवच, हे आधी बघा. बहुतेक विक्रम नुसत्या कवचाचे असतात.

सगळा झगडा आकाराचा आहे. साच्यावर मिळालेला आकार साच्यातून काढल्यावर, ओलावा निघून गेल्यावर, प्रक्षेपणाचे हादरे बसल्यावर आणि उणे २३० अंशांना गेल्यावरही तसाच राहतो का, एवढंच विचारायचं. आणि तो आकार बिघडवतं ते बहुतेक वेळा रेझिन. लोक महिनोन् महिने फायबरच्या ग्रेडवर चर्चा करतात आणि रेझिन ‘जे मिळेल ते’ घेतात. तुमच्या प्रश्नातही फायबर पहिला आलाय आणि एपॉक्सी नंतर. क्रम उलटा करा.

त्याही आधी तरंगलांबी ठरवा. जॉन रूझ यांनी १९६६ साली मांडलेलं सूत्र परावर्तकाच्या कामात रोज लागतं: पृष्ठभागाची सरासरी चूक तरंगलांबीच्या मानाने किती, त्यावरून मुख्य झोतातली किती ऊर्जा हातात राहते ते कळतं. चूक तरंगलांबीच्या १/२८ असेल तर सुमारे ८२ टक्के उरते, १/२० असेल तर ६७, आणि १/१६ ला ५४ टक्क्यांवर घसरते. आता १/२८ हा निकष लावून बघा. ५०० नॅनोमीटरच्या दृश्य प्रकाशासाठी चूक १८ नॅनोमीटरच्या आत हवी. प्लँक उपग्रहाची सर्वांत लहान तरंगलांबी ३५० मायक्रॉन होती, तिथे साडेबारा मायक्रॉन चालतात. २०११ साली गेलेल्या रशियाच्या स्पेक्त्र-आर उपग्रहाची १० मीटरची डिश कार्बन फायबरच्या २७ पाकळ्यांची होती आणि ती १.३ सेंटिमीटरपर्यंत काम करायची. त्या तरंगलांबीला हाच निकष जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची सूट देतो. १८ नॅनोमीटर आणि अर्धा मिलिमीटर यांत पंचवीस हजार पटींचा फरक आहे. त्यामुळे ‘कंपोझिट चालेल का’ या प्रश्नाला तरंगलांबी सांगितल्याशिवाय उत्तर नाही. तुम्ही ती सांगितलेली नाही. प्रकल्पाचा आवाका बघता सबमिलिमीटर पट्टा, म्हणजे ३०० मायक्रॉन आणि त्यापुढे, असं मी गृहीत धरतो. दृश्य प्रकाशाचा नाद या टप्प्यावर सोडा. का ते पुढे आकड्यानिशी येईलच.

याचं उत्तम उदाहरण १४ मे २००९ च्या एकाच आरिआन ५ रॉकेटवर होतं. हर्शेल आणि प्लँक या दोन्ही दुर्बिणी त्या दिवशी एकत्र गेल्या. हर्शेलला ५५ मायक्रॉनपर्यंत खाली बघायचं होतं, तिचा ३.५ मीटरचा आरसा सिलिकॉन कार्बाइडचा, १२ तुकडे ब्रेझ करून जोडलेला. प्लँकला ३५० मायक्रॉन पुरत होतं; तिचे परावर्तक कार्बन फायबर सँडविचचे. अवकाश संस्था एक, काळ एक, आणि तरंगलांबीने साहित्य ठरवलं. हर्शेलसाठीही कार्बन फायबरचा विचार झाला होता. त्या वाटेवर तयार झालेला २ मीटरचा नमुना आरसा पुढे ब्लास्ट या बलूनवरच्या दुर्बिणीला बसवला गेला. २००५ साली स्वीडनमधून झालेल्या तिच्या उड्डाणात प्रतिमा अपेक्षेपेक्षा बरीच फाकलेली निघाली, आणि २००६ च्या अंटार्क्टिकातल्या उड्डाणाला त्यांनी १.८ मीटरचा ॲल्युमिनियमचा आरसा लावला. यावरून कार्बन फायबर निकामी ठरत नाही, कारण प्लँकने त्यावरच आकाश मोजलं. पण आरसा थंड होऊन, हादरे सोसून काय होतो याचा अंदाज प्रयोगशाळेतल्या एका मोजणीवरून बांधता येत नाही, हे यातून घ्या.

आता वेबचं बेरिलियम. फायबरच्या डेटाशीटवर एम५५जे या कार्बन फायबरच्या ग्रेडचा मॉड्युलस (ताठपणाचं माप) ५४० गिगापास्कल दिसतो आणि डोळे दिपतात. पण तो एका फायबरचा, लांबीच्या दिशेने. आरशाला प्रत्येक दिशेने सारखा ताठपणा लागतो, म्हणून थर चहूदिशांना टाकावे लागतात. फायबरचं आकारमान ६० टक्के आणि दिशा वाटल्यामुळे साधारण तिसरा हिस्सा, असं धरलं की हातात उरतात १०५ ते ११० गिगापास्कल. आता ताठपणा भागिले घनता करा. काचेला सुमारे ३०. या लॅमिनेटला ६५ च्या आसपास. सिलिकॉन कार्बाइडला १३०. बेरिलियमला १६० च्या घरात. म्हणजे काचेच्या दुपटीने सरस, पण बाकी दोघांपुढे निम्मं किंवा त्याहूनही कमी. कंपोझिट ‘सगळ्यात ताठ’ असतं हा समज या क्षेत्रात तरी टिकत नाही. त्याची बाजू वेगळी आहे: एक मिलिमीटरची कातडी फुटायची भीती न बाळगता करता येते, प्रसरण शून्याजवळ आणता येतं, आणि एकदा साचा चांगला झाला की त्यावरून अनेक प्रती काढता येतात.

बेरिलियमचा दुसरा गुण थंडीतला. खोलीच्या तापमानाला त्याचं प्रसरण भरपूर आहे, अंशाला दहा लाखात ११ भाग. पण ८० केल्विनच्या (उणे १९३ अंशांच्या) खाली ते जवळजवळ शून्य होतं, आणि वेबचा आरसा ५० केल्विनच्या आसपास काम करतो. शिवाय तो एकजिनसी धातू आहे. थंड करून मोजायचा, वाकडेपणाचा नकाशा काढायचा, मग खोलीच्या तापमानाला मुद्दाम उलटा वाकडेपणा घासून ठेवायचा, म्हणजे थंडीत तो सरळ होतो. वेबच्या तुकड्यांना असंच केलं. कार्बन फायबरच्या पृष्ठभागावर हे करता येत नाही. वरचं रेझिन घासलं की खाली फायबर उघडा पडतो. पण एक गोष्ट नजरेआड करू नका: ते अठराही तुकडे ज्या सांगाड्यावर बसलेत तो कार्बन फायबरचाच आहे, आणि निरीक्षणांच्या काळात त्याने ४० नॅनोमीटरपेक्षा कमी हलावं अशी अट होती. म्हणजे वेबने कंपोझिट नाकारलेलं नाही, त्याला शोभेल त्या जागी वापरलंय.

आता रेझिन. कार्बन फायबर लांबीच्या दिशेने तापल्यावर किंचित आखडतो, अंशाला दहा लाखात उणे एक भाग. रेझिन ५० ते ६० भाग फुगतं. दोन्ही मिळून लॅमिनेटच्या प्रतलात बेरीज शून्याजवळ येते, आणि जाहिरातीत तेवढंच सांगतात. जाडीच्या दिशेने मात्र फायबरचा लगाम नसतो. तिथे प्रसरण ३० ते ४० भागांवर जातं. इंग्रजी एल आकाराची कार्बन फायबरची पट्टी साच्यातून काढल्यावर ९० अंशांचा कोन अर्ध्याएक अंशाने मिटलेला सापडतो तो यामुळेच. परावर्तकाच्या बाबतीत हेच कडेच्या वळणावर, मागच्या फासळ्यांच्या कोपऱ्यांत आणि संपूर्ण वाटीच्या वक्रतेत दिसतं. वक्रतेचा बदल साचा थोडा वेगळा करून भरून काढता येतो, पण त्यासाठी तो प्रत्येक प्रतीत सारखा यायला हवा.

भरून न काढता येणारी चूक म्हणजे प्रिंट-थ्रू, म्हणजे आतल्या फायबरची छाप वर उमटणं. साच्यावर क्युअर होताना (घट्ट होऊन पक्कं होताना) रेझिन साच्याची हुबेहूब नक्कल करतं. मग सगळं थंड होतं. जिथे फायबर पृष्ठभागालगत आहे तिथे रेझिनचा थर पातळ, फायबरच्या दोन जुडग्यांच्या मधल्या घळीत तो जाड. जाड थर जास्त आकसतो. गणित करा: जाडीतला फरक ५ मायक्रॉन, प्रसरण ६० भाग, तापमानातला फरक १५० अंश. उत्तर ४५ नॅनोमीटर. रेझिन आडव्या दिशेने बांधलेलं असल्यामुळे प्रत्यक्षात याच्या जवळपास दुप्पट होतं, आणि क्युअर होताना रेझिन रासायनिक कारणाने आकसतं ते वेगळंच. दृश्य प्रकाशाची मर्यादा १८ नॅनोमीटर होती, आठवतंय ना? तिथेच तो विषय संपतो. साडेबारा मायक्रॉनच्या मर्यादेत मात्र ही छाप कुठे हरवली ते कळणारही नाही.

ही छाप बघायला उपकरण लागत नाही. साच्यातून नुकताच काढलेला तुकडा, कोटिंग व्हायच्या आधी, ट्यूबलाइटखाली तिरका धरा आणि ट्यूबच्या प्रतिबिंबाची कड बघा. तुकडा हळूहळू फिरवला की ती कड बारीक करवतीसारखी थरथरते. विणलेलं कापड वापरलं असेल तर दोन दिशांची जाळी स्पष्ट दिसते, एकदिशा प्रीप्रेग (एकाच दिशेच्या फायबरची, रेझिन आधीच भरलेली चादर) असेल तर एकाच दिशेच्या रेघा. रेघा जिथे अचानक बदलतात तिथे बहुधा खालच्या थराचा जोड असतो. आणि प्रतिबिंब जिथे लांबवर वाकतं तिथे दोष लेअपच्या, म्हणजे थर रचण्याच्या, कोनाचा. एवढ्या पाहणीतून मिळणारी माहिती इंटरफेरोमीटरच्या (प्रकाशलहरींनी पृष्ठभाग मोजणाऱ्या उपकरणाच्या) रंगीत नकाशापेक्षा कधीकधी लवकर समजते.

छाप कमी करायचे मार्ग आहेत. विणलेल्या कापडाऐवजी पसरलेल्या जुडग्यांचं पातळ प्रीप्रेग घ्यायचं. थर जितका पातळ तितकी घळ उथळ. पृष्ठभागावर खोलीच्या तापमानाला क्युअर होणाऱ्या रेझिनचा वेगळा थर द्यायचा, म्हणजे थंड होण्यातला फरक कमी. पण हा थर जाड झाला की तोच एका बाजूने ओढून सगळी वाटी वाकवतो. मागे ॲक्च्युएटर लावून छाप सुधारू, असं सुचवणारे भेटतात. ॲक्च्युएटर एकमेकांपासून हातभर अंतरावर असतात आणि छापेची लाट एखाद्या मिलिमीटरची. त्यांनी वाटीचा मोठा वाकडेपणा निघेल, छाप जागची हलणार नाही.

एपॉक्सी की सायनेट एस्टर हे दुसऱ्या जातीचं रेझिन? तुमच्या कामासाठी सायनेट एस्टर, आणि कारण ओलावा. एपॉक्सी हवेतलं पाणी पितं, फुगतं, आणि निर्वातात ते पाणी हळूहळू सोडत आखडतं. हबलचे दोन्ही आरसे एकमेकांपासून ४.९ मीटरवर धरून ठेवणारा सांगाडा ग्राफाइट-एपॉक्सीचा आहे. १९९० च्या प्रक्षेपणानंतर तो वर्षानुवर्षं आखडत राहिला आणि फोकस राखण्यासाठी दुय्यम आरसा वेळोवेळी सरकवावा लागला. एकूण सरकवणी १०० मायक्रॉनहून जास्त झाली आहे. लांबीच्या हिशेबात हे दहा लाखात वीसेक भाग. तापमानाचं प्रसरण शून्याजवळ आणायला एवढा आटापिटा केल्यावर ओलाव्याने वीस भाग खाऊन टाकावेत, हे जिव्हारी लागण्यासारखं आहे. सायनेट एस्टर याच्या कितीतरी कमी पाणी शोषतं.

पण त्याचा एक हट्ट आहे: क्युअर व्हायच्या आधी त्याला पाणी अजिबात चालत नाही. ओलावा लागला की अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरांत फोड येतात. प्रीप्रेगचा रोल उणे १८ अंशांच्या फ्रीझरमधून काढला की घाईने पिशवी फाडायची नाही. बंद पिशवीतच रोल खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. पिशवीच्या बाहेरचं दव सुकलं, रोल आतपर्यंत गार लागत नाही, मगच उघडायचा. हे काही तासांचं काम असतं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी ऑटोक्लेव्हची (दाब देणाऱ्या भट्टीची) वेळ घेऊन बसलेलं असतं. वाट बघा. मी बघितलेल्या फोडांपैकी बरेचसे या एका पायरीवर झालेले होते. तयार तुकडाही क्युअर झाल्यावर निर्वातात गरम करून सुकवायचा आणि पुढे कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवायचा.

लेअपबद्दल दोनच गोष्टी ठाम सांगतो. पहिली, मध्यप्रतलाच्या दोन्ही बाजूंना थर आरशातल्या प्रतिमेसारखे सममित हवेत. त्यात सवलत नाही. दुसरी, कोन. एखादा थर एका अंशाने चुकला तर कागदावर तो फरक नगण्य दिसतो, पण थंड झाल्यावर वाटी खोगिरासारखी पिळते, आणि ऑप्टिक्सवाले ज्याला ॲस्टिगमॅटिझम म्हणतात तो मिळतो. थर जितके कमी तितका एका थराच्या चुकीचा वाटा मोठा, म्हणून जाड सहा थरांपेक्षा पातळ चोवीस थर बरे. चुका दोन्हीकडे पडून एकमेकींना खातात. कोन डोळ्यांनी लावू नका. कडेवर खुणा कोरलेला टेम्प्लेट किंवा लेझर प्रोजेक्टर वापरा. शिवाय प्रीप्रेगच्या रोलची कड फायबरला समांतर असेलच असं नाही, तेही आधी तपासून घ्या.

थंडीचं काय? १२० अंशांवर क्युअर झालेला तुकडा ४० केल्विनवर नेला की फरक ३५० अंशांपुढे जातो. रेझिनला आकसायचंय, फायबर आकसू देत नाही, आणि थरांत केसाएवढ्या बारीक भेगा पडतात. तुकडा मोडत नाही, पण प्रसरणांक बदलतो, तोही दर फेरीला थोडा थोडा. याचा अर्थ पहिल्यांदा थंड केल्यावर मिळालेला आकार पाचव्यांदा मिळणार नाही. पातळ थर इथेही कामी येतात, कारण पातळ थराला भेग जायला जास्त ताण लागतो. तपासणी सोपी आहे: नमुने द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून काढायचे, पुन्हा पुन्हा, आणि दर काही फेऱ्यांनंतर कड घासून सूक्ष्मदर्शकाखाली भेगा मोजायच्या. नायट्रोजन ७७ केल्विनचा, तुमचं कामाचं तापमान त्याहून खाली असू शकतं. तरी बहुतेक आकसणं तोवर उरकलेलं असतं, त्यामुळे वाईट रेझिन इथेच उघडं पडतं.

हनीकोंबमध्ये लोक सवयीने ॲल्युमिनियम घेतात, कारण तो सहज मिळतो. त्याचं प्रसरण २३ भाग, फेसशीटचं शून्याजवळ. खोलीच्या तापमानात ठीक, थंडीत घातक. गाभाही कार्बन फायबरचाच घ्या. तेवढ्यानेही सुटका होत नाही. प्लँकचा गाभा कार्बन फायबरचा होता, तरी थंड केल्यावर प्रत्येक षटकोनी घराच्या जागी पृष्ठभागावर हलकी खळी पडायची. खळ्या मायक्रॉनांतल्या, पण सगळ्या एका ठरावीक अंतरावर, त्यामुळे बिघाड विखुरला न जाता ठरावीक कोनांना गोळा होतो आणि मुख्य झोताच्या बाजूला छोटे उपझोत तयार होतात. सरासरी चुकीचा आकडा हे लपवतो. म्हणून अहवालात नुसती सरासरी लिहू नका. चूक कुठल्या अंतरावर पुन्हा पुन्हा येते याचा आलेखही द्या. घरं लहान आणि फेसशीट किंचित जाड केली की खळ्या उथळ होतात, वजन थोडं वाढतं. सुरुवातीला आपण १० मधले पाच किलो शिल्लक ठेवले होते ते इथे खर्च करायचे. आणि हनीकोंबच्या घरांच्या भिंतींना छिद्रं हवीतच. नाहीतर प्रक्षेपणाच्या वेळी आत अडकलेली हवा फेसशीट उचलते.

साच्याचं प्रसरण लॅमिनेटशी जुळणारं हवं. झिरोड्यूर किंवा त्यासारखी अल्पप्रसरण काच उत्तम, बोरोसिलिकेट चालेल. स्टील, ॲल्युमिनियम नको. रिलीज एजंट (तुकडा साच्याला चिकटू नये म्हणून द्यायचा लेप) पातळ आणि एकसारखा लावा, कारण त्याचे फटकारेही प्रतीत उतरतात. क्युअर करताना रेझिन कमी तापमानाला, वेळ देऊन जेल होऊ (थिजू) द्यायचं आणि उरलेलं पोस्ट-क्युअर (नंतरचं तापवणं) साच्याबाहेर करायचं. आकार जेल होतानाच्या तापमानाला गोठतो, त्यामुळे ते जितकं कमी तितकं पुढचं आकसणं कमी.

कोटिंग त्या मानाने सोपं. नुसतं कार्बन फायबर सबमिलिमीटरला पुरेसं परावर्तन करत नाही, म्हणून निर्वातात ॲल्युमिनियमची वाफ बसवतात. ८५७ गिगाहर्ट्झला, म्हणजे ३५० मायक्रॉनला, ॲल्युमिनियममध्ये लहरी ०.१ मायक्रॉनहून खोल जात नाहीत, म्हणजे अर्धा मायक्रॉन भरपूर झाला. मात्र ॲल्युमिनियम आणि कार्बन यांच्यामध्ये रेझिनचा अखंड पडदा राहू द्या; उघडा फायबर ॲल्युमिनियमला लागला आणि हवेत दमटपणा असला की गंज सुरू होतो. आउटगॅसिंगसाठी (निर्वातात साहित्यातून वायू किती सुटतात यासाठी) एएसटीएम ई५९५ ची चाचणी असते: निर्वातात १२५ अंशांवर २४ तास, वस्तुमानातली घट १ टक्क्याच्या आत आणि थंड पट्टीवर जमणारा लेप ०.१ टक्क्याच्या आत. रेझिन विकणाऱ्यांकडे हे आकडे तयार असतात, पण चिकट फिल्म आणि इन्सर्टचं पॉटिंग (ते पक्कं बसवणारं भरण) यांचे आकडे वेगळे मागून घ्या. आधार तीन ठिकाणी, लवचिक पायांवर. इन्सर्टला इन्व्हार (अल्पप्रसरण लोह-निकेल मिश्रधातू) घ्या, जड असलं तरी.

नॅनोट्यूबबद्दल माझं मत फारसं उत्साहाचं नाही. त्यांनी रेझिनचं प्रसरण थोडं घटतं हे खरं, पण ओलं रेझिन दाट होतं, फायबरच्या जुडग्यात शिरत नाही, आणि नीट विखुरल्या नाहीत तर गुठळ्या होतात. गुठळी म्हणजे पृष्ठभागावर नवा डाग. छापेचं मूळ असमान जाडीत आहे आणि नॅनोट्यूब ती बदलत नाहीत. छोट्या उपग्रहांसाठी सलग फायबर न घालता नुसत्या नॅनोट्यूब-रेझिनचे आरसे साच्यावर ओतून करण्याचे प्रयोग नासाच्या गोडार्ड केंद्रात झालेत. त्यांत जुडगीच नसल्यामुळे छापही नाही. ती वेगळी वाट आहे. दोन्ही एका प्रकल्पात कोंबू नका.

पुढेमागे तरंगलांबी १०० मायक्रॉनच्या खाली न्यायची ठरली, तर सिरॅमिक कंपोझिटकडे वळा: कार्बन फायबरच्या सच्छिद्र ठोकळ्यात वितळलेलं सिलिकॉन शोषवून केलेलं सिलिकॉन कार्बाइड. शोषवण्याआधी ठोकळा मऊ असतो, त्यामुळे मागच्या फासळ्या सहज कोरता येतात. वर सिलिकॉन किंवा सिलिकॉन कार्बाइडचा दाट थर देऊन तो घासताही येतो. रेझिनच नसल्यामुळे ओलावा, आउटगॅसिंग, जाडीतलं आकसणं हे सगळे प्रश्न गळून पडतात. मात्र सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतं, तेव्हा तशी भट्टी असलेला भागीदार आधी शोधावा लागेल.

तुमच्या प्रकल्पासाठी मी असं करेन. एम५५जे चं जितकं पातळ मिळेल तितकं एकदिशा प्रीप्रेग, सायनेट एस्टरमध्ये. आधी सपाट चकत्या, ३०० मिलिमीटरच्या, सँडविच न करता. त्यांचं प्रसरण तिन्ही दिशांना मोजा, नायट्रोजनच्या फेऱ्यांच्या आधी आणि नंतर. मग त्याच व्यासाची वक्र वाटी, सँडविच करून, एकाच साच्यावरून निदान तीन. पहिली चांगली आली म्हणून थांबू नका. तिघींची वक्रता आपसांत किती जुळते हा आकडा तुमच्या प्रबंधातला सर्वांत उपयोगी आकडा ठरेल. मोजणीला दृश्य प्रकाशाचा इंटरफेरोमीटर अशा पृष्ठभागावर अनेकदा पट्टेच दाखवत नाही, १०.६ मायक्रॉनचा अवरक्त इंटरफेरोमीटर मिळवा, नाहीतर फोटोग्रामेट्री (अनेक फोटोंवरून आकार मोजणं). प्रत्येक वाटी एकदा तोंड वर आणि एकदा तोंड खाली करून मोजा. दोन्हींच्या सरासरीतून गुरुत्वाने आलेला झोल वजा होतो, कारण अवकाशात तो नसणार. एक मीटरची वाटी या तिन्हींचे थंडीतले नकाशे हातात आल्यावरच टाकायला घ्या, आणि तिचा साचा मागवताना वक्रतेत तेवढी दुरुस्ती आधीच करून मागवा.